सूज डोळ्यांना दिसते, बीपी मोजावाच लागतो

२२ मेला जागतिक प्री-एक्लॅम्प्सिया दिन, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजाराचा दिवस असतो. नेमका हाच उकाड्याचा महिना. वाशिंदहून कसारा लोकलने उभ्याने कल्याण-ठाणे गाठणारी गर्भवती असो की दिवसभर वीटभट्टीवर राबणारी, संध्याकाळी जोडवी रुततात आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर उमटतो. घरात लगेच निदान होतं, ‘पायात पाणी उतरलंय, मीठ बंद कर.’

हा सल्ला आता सोडायलाच हवा. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. वाढलेलं गर्भाशय पायांकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं, म्हणून दिवस कलला की पाय भरून येतात. अळणी जेवून किंवा पाणी तोडून ही सूज उतरत नाही. लघवी होण्याच्या गोळ्या तर मनाने मुळीच घेऊ नयेत. कामातून मधेच टेकून पाय उशीवर ठेवावेत, घोटे गोल फिरवावेत, डाव्या कुशीवर झोपावं. सकाळी बोटं आखडून मुंग्या येत असतील तर मुठींची उघडझाप करावी. अंगठ्या आधीच काढून ठेवाव्यात, डोहाळजेवणाचा हिरवा चुडा एक माप मोठा भरावा.

सूज चेहऱ्यावर, हातांवर अचानक चढली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकच पाय सुजून पोटरी दुखत असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हाही थांबायचं नाही. पण खरी गोम पुढेच आहे. सूज नसतानाही प्री-एक्लॅम्प्सिया होतो, म्हणून डॉक्टरांनी निदानाच्या निकषांतून सूज केव्हाच वगळली. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० चा आकडा दिसला की सावध व्हायचं.

या आजारात झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. २००२च्या ‘मॅगपाय’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. परदेशात ठरलेली मात्रा आपल्याकडच्या कमी वजनाच्या बायकांना जास्त होते, हे ओळखून सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी कमी मात्रेची पद्धत वापरली आणि २००३मध्ये ती प्रसिद्ध केली. आपल्या बाईचं अंगमान पाहून औषध ठरवणं हे मोलाचं काम आहे, आणि ते आपल्याच राज्यातल्या सरकारी दवाखान्यात झालं.

पण बीपी वेळेवर मोजलाच नाही, तर हे इंजेक्शन द्यायची वेळ हातची निसटते. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी मोफत असते. या आजाराचा धोका कमी व्हावा म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात, पण लोहाच्या गोळीसोबत नव्हे. शहापूर-मुरबाडकडे पिकणारी नाचणीही ताटात असावी, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. सासूबाई, नवरा, आशाताई, ज्याला म्हणून काळजी आहे त्याने मीठ किती खाल्लं हे विचारण्याआधी एक विचारावं: आज बीपी किती आला, आणि तो तपासणीच्या कार्डावर लिहिला का?