सत्त्याऐंशी टक्क्यांनंतर

१७ मार्च २०२४ च्या रात्री मॉस्कोत मतमोजणीचे आकडे येऊ लागले, तेव्हा कुणालाही उत्कंठा नव्हती. व्लादिमिर पुतिन यांना ८७.२८ टक्के मतं आणि मतदान ७७ टक्क्यांच्या वर. दुसऱ्या क्रमांकावरचे कम्युनिस्ट उमेदवार निकोलाय खारितोनोव साडेचार टक्क्यांच्याही आत राहिले. युक्रेन युद्धाला उघड विरोध करणारे बोरिस नादेझ्दिन मतपत्रिकेपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांच्या अर्जावर सही करायला लोकांनी जानेवारीच्या थंडीत रांगा लावल्या, लाखावर सह्या गोळा झाल्या. निवडणूक आयोगाने त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक बाद ठरवल्या आणि विषय मिटवला. विरोधी नेते अलेक्सेइ नवाल्नी तर मतदानाच्या महिनाभर आधी, १६ फेब्रुवारीला, आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या खार्प गावातल्या तुरुंगात मरण पावले होते. शेवटच्या दिवशी भर दुपारी बारा वाजता अनेक मतदान केंद्रांसमोर अचानक रांगा लांबल्या. एकमेकांना दिसणं, हाच तिथे आलेल्या विरोधकांचा निषेध होता.

मग असल्या निवडणुकीचा खटाटोप कशाला? जगासमोर लोकमान्यतेचा शिक्का हवा, हे नेहमीचं उत्तर खोटं नाही. पण रशियाच्या गेल्या दीड दशकाचं वेळापत्रक समोर ठेवलं की मला दुसरंच काही जास्त ठळक दिसतं. तिथे निवडणुकीने सत्ता बदलत नाही, पण लोकांना न रुचणारे निर्णय तिच्या तारखेपर्यंत फडताळात राहतात आणि ती उलटली की एकामागून एक बाहेर येतात.

२०१२ च्या मार्चमध्ये पुतिन पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. जूनमध्ये बेकायदा निदर्शनांसाठी जबर दंडाचा कायदा आला आणि जुलैमध्ये परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना ‘परकीय हस्तक’ ठरवणारा. २०१८ च्या मार्चमध्ये ते पुन्हा निवडून आले. १४ जूनला, मॉस्कोत विश्वचषक फुटबॉलचा पहिला सामना होता त्याच दिवशी, सरकारने निवृत्तीचं वय वाढवण्याची घोषणा केली आणि त्याच दमात मूल्यवर्धित कर १८ वरून २० टक्क्यांवर नेला. २०२२ च्या सप्टेंबरात प्रादेशिक निवडणुका ११ तारखेला संपल्या. २१ तारखेला आंशिक लष्करभरतीचा हुकूम निघाला. एवढं सगळं योगायोगाने जुळून येत नाही.

२०२४ चं फडताळ सर्वांत भरलेलं होतं. पण ते उघडण्याआधीच एक अनपेक्षित घाव बसला. २२ मार्चला मॉस्कोच्या वेशीवरच्या क्रोकस सिटी हॉलमध्ये बंदूकधाऱ्यांनी गोळीबार करून आग लावली. १४० हून अधिक माणसं मेली. ‘इस्लामिक स्टेट’ने जबाबदारी घेतली. अमेरिकेच्या वकिलातीने ७ मार्चलाच जाहीर इशारा दिला होता आणि हल्ल्याच्या तीनच दिवस आधी पुतिन यांनी असल्या इशाऱ्यांना चिथावणी म्हणून धुडकावलं होतं. अधिकाऱ्यांनी बोट युक्रेनकडे वळवलं, तरी पकडलेले संशयित ताजिकिस्तानचे होते. मग रोष मध्य आशियातल्या मजुरांवर निघाला. छापे, हद्दपारी आणि वर्षअखेरीस असा कायदा की परदेशी मुलांना रशियन भाषेची परीक्षा दिल्याशिवाय शाळेत प्रवेश नाही. गंमत अशी, की याच काळात कारखान्यांना माणसं मिळत नव्हती. बेकारी अडीच टक्क्यांच्याही खाली गेली होती.

७ मेला शपथविधी झाला. १० मेला रशियन फौजांनी खारकीव्हच्या दिशेने नवी आघाडी उघडली. १२ मेला सेर्गेइ शोइगू संरक्षणमंत्रिपदावरून गेले.

हा बदल जरा थांबून पाहण्यासारखा आहे. शोइगू २०१२ पासून त्या खुर्चीवर होते. सायबेरियाच्या जंगलात पुतिन यांच्यासोबत सुट्ट्या घालवणारे, जवळच्या वर्तुळातले. त्यांना हटवा, ही मागणी घेऊन जून २०२३ मध्ये भाडोत्री सैन्याचे प्रमुख येवगेनी प्रिगोझिन यांनी बंड केलं, तेव्हा पुतिन हलले नाहीत. दोन महिन्यांनी प्रिगोझिन विमान कोसळून गेले. दबावाखाली माणूस काढायचा नाही, सवडीने काढायचा, ही पुतिन यांची जुनी रीत. शोइगूंना सुरक्षा परिषदेचं सचिवपद मिळालं. तिथल्या निकोलाय पात्रुशेव यांच्याकडे सल्लागार म्हणून जहाजबांधणी आली. या दरबारात मर्जीतल्यांना सहसा रस्त्यावर सोडत नाहीत. त्यांच्या हाताखालच्यांना मात्र ते अभय नव्हतं. उपसंरक्षणमंत्री तिमूर इवानोव यांना एप्रिलमध्येच अटक झाली होती. लष्करी बांधकामं त्यांच्याकडे होती आणि श्रीमंती राहणी सर्वांना ठाऊक होती. २०२५ च्या जुलैत त्यांना १३ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या अटकेपाठोपाठ आणखी काही जनरलही गजाआड गेले होते.

नवे मंत्री आंद्रेइ बेलौसोव हे अर्थतज्ज्ञ, लष्करात कधीही न गेलेले. क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव यांनी कारण आडपडदा न ठेवता सांगितलं. संरक्षण आणि सुरक्षेवरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ६.७ टक्क्यांवर पोचला आहे, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सोव्हिएत संघात तो ७.४ टक्के होता. तेव्हा हा खर्च अर्थव्यवस्थेत नीट बसवणारा माणूस हवा. शत्रूऐवजी स्वतःच्याच इतिहासाची धास्ती वाटल्याची ही जवळजवळ कबुली होती. युद्ध लांबणार, हे गृहीत धरलेलं होतं. ते परवडवायचं कसं, एवढंच ठरायचं होतं.

परवडवण्याचा भार कुणावर, तेही लवकरच कळलं. २००१ पासून रशियात आयकर सरसकट १३ टक्के होता, श्रीमंतांसाठी २०२१ पासून थोडा जास्त. निवडणुकीनंतर त्याच्या पाच पायऱ्या झाल्या आणि वरची २२ टक्क्यांवर गेली. कंपन्यांचा नफाकर २० वरून २५ झाला. सोबत आश्वासन असं, की आता २०३० पर्यंत करांची मुख्य चौकट हलणार नाही. तिकडे सैन्यभरती पैशांवर चालू राहिली. करारावर सही करणाऱ्याला केंद्राकडून एकरकमी मिळणारे १,९५,००० रूबल ३१ जुलैच्या फर्मानाने ४,००,००० झाले. मॉस्को शहराने आपल्याकडून १९ लाख देऊ केले. दुसऱ्यांदा सक्तीची भरती केली असती तर २०२२ सारखी पुन्हा लाखो माणसं सीमेपलीकडे पळाली असती. त्यापेक्षा पैसे मोजणं बरं. हाच पैसा बाजारात आला आणि महागाई भडकली. मध्यवर्ती बँकेच्या प्रमुख एल्विरा नबिउलिना यांनी ऑक्टोबरमध्ये मुख्य व्याजदर २१ टक्क्यांवर नेला. लोणी इतकं महागलं, की काही दुकानांत चोरीच्या भीतीने त्याची पाकिटं कुलूपबंद डब्यांत ठेवली गेली.

परराष्ट्र धोरण या हिशेबापासून वेगळं काढता येत नाही. शपथविधीनंतरचा पहिला दौरा चीनचा होता, १६ आणि १७ मेला, बीजिंग आणि हार्बिन. बेलौसोवही सोबत होते. स्वागत थाटाचं झालं. पण युरोपात बंद पडलेल्या गॅसला नवं गिऱ्हाईक देणारी ‘पॉवर ऑफ सायबेरिया २’ वाहिनी काही पदरात पडली नाही. भावावर चीन अडून बसला होता आणि त्याला घाई नव्हती. त्याच महिन्यात सरकारी गॅसकंपनी गाझप्रोमने २०२३ सालचा ६२९ अब्ज रूबलचा तोटा जाहीर केला होता, म्हणजे गरज कुणाला होती ते उघड होतं. जूनमध्ये पुतिन प्योंगयांगला गेले, हल्ला झाल्यास परस्परांना लष्करी मदत करण्याचा करार केला आणि तिथून हनोईला. जुलैत नरेंद्र मोदी मॉस्कोत आले. त्याच दिवशी कीव्हमधल्या मुलांच्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र आदळलं होतं; रणांगणावर तोडगा निघत नाही, असं मोदींनी पुतिन यांना ऐकवलं. आमिष दाखवून रशियन सैन्यात नेलेल्या भारतीय तरुणांची सुटका हाही बोलण्याचा विषय होता.

भारताशी व्यापाराचं दुखणं रशियाने भारताच्याच अंगणात बोलून दाखवलं होतं. मे २०२३ मध्ये गोव्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेची बैठक झाली, तेव्हा रशियाचे परराष्ट्रमंत्री सेर्गेइ लावरोव म्हणाले होते की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. आपण तेल घेतो, त्या बदल्यात देण्यासारखं फार नाही. २०२३-२४ मध्ये सुमारे ६५ अब्ज डॉलरच्या व्यापारात आपली निर्यात जेमतेम सव्वाचार अब्ज. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये याच तेलापायी ट्रम्प यांनी भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लादलं आणि त्याची झळ मुंबईत सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांपर्यंत पोचली. ट्रम्प आणि पुतिन यांची अलास्कातली भेट त्याच महिन्यातली. लाल गालिचा झाला, युद्धविराम नाही.

मॉस्कोच्या या सगळ्या आखणीला जिथे तडा गेला, ती जागा कुर्स्क. ६ ऑगस्ट २०२४ ला युक्रेनी फौजा सीमा ओलांडून या प्रांतात घुसल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर परकी सैन्य रशियाच्या भूमीवर असं पहिल्यांदाच टिकून राहिलं. तटबंदीसाठी अब्जावधी रूबल आले होते. ती कुठे होती? प्रांताचे गव्हर्नर रोमान स्तारोवोइत यांना मे महिन्यातच बढती मिळून ते केंद्रात वाहतूकमंत्री झाले होते. शरद ऋतूत उत्तर कोरियाचे हजारो सैनिक कुर्स्कला आले, म्हणजे प्योंगयांगच्या कराराची शाई अशी कामाला आली. प्रांत पूर्ण मोकळा केल्याचा दावा रशियाने केला तो एप्रिल २०२५ मध्ये. त्याच महिन्यात स्तारोवोइत यांच्यानंतर गव्हर्नर झालेले अलेक्सेइ स्मिर्नोव तटबंदीच्या अपहारप्रकरणी पकडले गेले. ७ जुलैला पुतिन यांनी स्तारोवोइत यांना मंत्रिपदावरून काढलं आणि त्याच दिवशी त्यांचा मृतदेह गोळी लागलेल्या अवस्थेत सापडला. आत्महत्येची शक्यता मुख्य, असं तपासयंत्रणेने सांगितलं. शोइगूंना मिळालं ते मऊ आसन यांच्या वाट्याला आलं नाही. मंत्रिमंडळात यामुळे जी धडकी भरली असेल, ती कुठल्याही अहवालात येणार नाही.

आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये अर्थमंत्रालयाने मूल्यवर्धित कर २० वरून २२ टक्के करण्याचा प्रस्ताव मांडला, अर्थातच संरक्षणासाठी. २०३० पर्यंतचं आश्वासन वर्षभरच टिकलं. हा कर खरेदी करणाऱ्या सगळ्यांच्याच खिशातून जातो. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, म्हणजे दूमाची, निवडणूक सप्टेंबर २०२६ ची. या वेळी कडू औषध तिच्या आधीच पाजावं लागलं.