फुप्फुसांतील राखणदार

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एली मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली होती. हे गृहस्थ मात्र सूक्ष्मदर्शकापाशीच बसून राहिले. त्या दिवशी सुचलेल्या कल्पनेपायी त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्यास गिळून टाकणाऱ्या या भक्षकपेशींच्या शोधाबद्दल १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

अशाच पेशी आपल्या फुप्फुसांत राखण करीत असतात. श्वासनलिकेतील धूळ तेथील सूक्ष्म रोम कफासह वर लोटतात. परंतु कोट्यवधी वायुकोशांत हे रोम नसतात. तेथली झाडलोट आणि जंतूंचा समाचार या भक्षकपेशींकडेच.

सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत या पेशींची संख्या कित्येक पटींनी वाढलेली आढळते. राखणदार वाढले म्हणजे घर अधिक सुरक्षित झाले, असे आम्हांसही प्रथम वाटले होते. वस्तुस्थिती उलट आहे. धुरातील कण गिळून गिळून या पेशी तपकिरी पडतात आणि जंतू गिळण्याची त्यांची शक्ती मंदावते. १९७४ साली अमेरिकेत अकस्मात मृत्यू पावलेल्या तरुणांची फुप्फुसे तपासली गेली. तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांच्या बारीक श्वासनलिकांत अशा तपकिरी पेशींचे पुंजके दिसले. ती माणसे वृद्ध नव्हती, हे ध्यानी घ्यावे. 'अजून वय आहे, पुढे सोडू' म्हणणारे कोणत्या घरात नाहीत?

याहून वाईट पुढेच आहे. चेतवलेल्या भक्षकपेशी रक्तातील पांढऱ्या पेशींना हाका घालतात. त्या येऊन इलॅस्टेज नावाचे पाचक द्रव्य सोडतात आणि ते वायुकोशांच्या भिंतींतले लवचिक तंतूच खाऊ लागते. त्याला आवर घालणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन आपल्या रक्तात असते. पण धूर त्यालाही निकामी करतो. भिंती विरतात, लहान कोश एकमेकांत मिसळून मोठ्या पोकळ्या होतात, आणि जिना चढताना माणूस मध्येच थांबू लागतो. वैद्यकात यास एम्फिसिमा म्हणतात.

आपल्या देशात क्षयाचा प्रश्न याला जोडूनच आहे. क्षयाच्या जंतूची पहिली गाठ वायुकोशातील भक्षकपेशीशीच पडते, आणि धूम्रपान करणाऱ्यास क्षयाचा धोका सुमारे दुप्पट असतो. बिडी ओढणाऱ्यांनी स्वतःस यातून वगळू नये. गॅलरीत उभे राहून ओढल्याने घरातील मुले सुटतात, हाही भ्रमच. धूर दाराची परवानगी मागत नाही.

सिगारेट सोडल्यावर या पेशींची गर्दी काही महिन्यांत ओसरू लागते, रोमही पुन्हा कामास लागतात. त्यामुळे आरंभी काही दिवस खोकला वाढल्यासारखा भासतो आणि घाबरून कित्येकजण पुन्हा काडी पेटवतात. त्या दिवसांत घरच्यांनी 'बघा, सोडली तर उलट त्रास' असे म्हणू नये, एवढी आमची विनंती. विरलेल्या भिंती मात्र पुन्हा उभ्या राहत नाहीत.