पुण्याची पाच, स्कारबरोची पाच

पुण्याहून कॅनडातील स्कारबरोस येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या दप्तरात, पारपत्रे आणि पदव्यांचे दाखले यांच्या जोडीला, बाळाचे लसीकरण कार्डही जपून आणलेले असते. आणि ओंटारिओ प्रांताच्या १९८२ च्या कायद्यान्वये शाळेसाठी नोंद दाखल करावयाची वेळ आली, की त्यावरील ‘पेंटाव्हॅलंट’ हा शब्द पाहून आईवडील निर्धास्त होतात. त्यांचा विश्वास अनाठायी नाही, तथापि अपुरा आहे. कारण घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ जंतूचा आजार) या चार व्याधींचा बंदोबस्त दोन्ही देशांच्या पंचगुणी लसींत सारखाच असला, तरी पाचवे स्थान भारतात ‘ब’ काविळीला आणि कॅनडात पोलिओला दिलेले आहे.

यांपैकी हिबची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. हा जंतू आपल्याभोवती शर्करेचे कवच धारण करून असतो, आणि दोन वर्षांखालील बालकाची प्रतिकारशक्ती नेमके तेच कवच ओळखण्यास असमर्थ असते. त्यामुळे मेंदूज्वराचा घाला ज्या वयात सर्वाधिक, त्याच वयात निव्वळ शर्करेची लस निष्फळ ठरे. अमेरिकेत रॉबिन्स व श्नीरसन यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे स्मिथ व अँडरसन यांनी, ती शर्करा प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडली. तेव्हा प्रथिन ओळखणाऱ्या पेशी साहाय्यास आल्या आणि अर्भकाच्या रक्तातही कवचाविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण होऊ लागली. कॅनडात ही जोडलस १९८८ साली आली. तत्पूर्वी तेथे वर्षाकाठी सुमारे २,००० जणांना हिबचा गंभीर आजार होई.

टोरांटोच्या ज्या कॉनॉट प्रयोगशाळेचा आरंभ १९१४ च्या सुमारास डॉ. फिट्झजेराल्ड यांनी तबेल्यातील घोड्यांच्या रक्तापासून घटसर्पाचे प्रतिविष काढून केला, तिच्याच परंपरेतून पुढे ‘पेंटासेल’ ही पंचगुणी लस निघाली. तिची सिद्धता पाहण्याजोगी असते: हिबचा अंश कुपीच्या तळाशी शुष्क, पांढरा असा बसलेला, त्यावर उरलेल्या चार व्याधींवरचा गढूळ द्राव सोडावयाचा, कुपी हळुवार फिरवावयाची, आणि मग पाचही अंश एकाच सुईने बाळाच्या मांडीत द्यावयाचे.

भारतातील सरकारी लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात देतात, आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास सरकारी केंद्रात बहुधा त्रिगुणी लसच मिळते, जिच्यात हिब नसते. ओंटारिओत मात्र दोन, चार व सहा महिन्यांनंतर अठराव्या महिन्यातही हिबचा अंश दिला जातो. म्हणून वर्षाचे मूल घेऊन येथे उतरलेल्या प्रत्येक आईला माझे आग्रहाचे सांगणे आहे, की कार्डावरील प्रत्येक लसीचे नाव व तारीख डॉक्टरांसमोर वाचून दाखवावी, आणि अठराव्या महिन्याच्या हिबविषयी आपण होऊन विचारावे.