विश्लेषण : दुबईत घर घेताना पैसे कोणत्या खात्यातून पाठवायचे? इथेच अनेक जण चुकतात…

पुण्यातील एका पंचतारांकित हॉटेलात शनिवार-रविवारी दुबईतील घरांचे प्रदर्शन भरले होते. टेबलावर इमारतीचे मॉडेल, बाजूला कॉफी आणि एजंटच्या हातात कार्ड स्वाइप करायचे मशीन. ‘सर, फक्त टोकन द्या, फ्लॅट तुमच्या नावावर ब्लॉक करून ठेवतो.’ इंजिनीअरिंगच्या माझ्या एका वर्गमित्राने तिथे ४० हजार दिरहमचे टोकन क्रेडिट कार्डवरून दिले. घरी परतताना त्याने मला फोन करून विचारले, ‘बाकीचे पैसे पाठवायला दुबईत कोणत्या बँकेत खाते उघडू?’

हा प्रश्न त्याला टोकन देण्याआधी पडायला हवा होता. परदेशात घर घेताना पैसे कोणत्या खात्यातून निघाले, वाटेत कुठे थांबले आणि कोणत्या खात्यात पोहोचले, यावरच तो व्यवहार कायदेशीर की बेकायदा हे ठरते. फ्लॅटचा मजला आणि बाल्कनीतून दिसणारा बुर्ज खलिफा हे नंतरचे.

क्रेडिट कार्डने टोकन दिले तर बिघडले कुठे?

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे ‘फेमा’, परदेशी व्यवहारांचे दोन गट करतो : चालू खात्यावरील आणि भांडवली खात्यावरील. (इथे ‘खाते’ म्हणजे बँकेतले खाते नव्हे, व्यवहाराचा प्रकार. हा घोळ अनेकांचा होतो.) परदेशातील हॉटेलचे बिल, विमानाचे तिकीट, ऑनलाइन कोर्सची फी हे चालू व्यवहार. घर विकत घेणे हा भांडवली व्यवहार. आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाची मुभा पहिल्या गटासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही. मशीनवर कार्ड चालले, ओटीपी आला, पावतीही निघाली, म्हणून व्यवहार वैध ठरत नाही. मशीनला फेमा कळत नाही.

फेमाचे उल्लंघन सिद्ध झाल्यास संबंधित रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय परदेशातील मालमत्ता नियम मोडून घेतल्याचा संशय असेल, तर तेवढ्याच किमतीची भारतातील मालमत्ता जप्त करण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ३७अ मध्ये आहे. म्हणजे चूक दुबईत आणि टाच कोथरूडच्या फ्लॅटवर, असे होऊ शकते.

मग पैसे निघायचे कुठून?

भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी नेहमीचा रस्ता म्हणजे रिझर्व्ह बँकेची ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’ ऊर्फ एलआरएस. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशात पाठवता येते. ही मर्यादा पॅनवर मोजली जाते. त्यामुळे तीन बँकांत खाती असली तरी मर्यादा तिप्पट होत नाही. त्याच वर्षी मुलीच्या परदेशातील शिक्षणासाठी किंवा युरोप सहलीसाठी पाठवलेले पैसेही यातच धरले जातात.

इथे खात्याच्या निवडीचा पहिला प्रश्न येतो आणि महाराष्ट्रात तो जरा जास्तच येतो. आपल्याकडे अनेक कुटुंबांची मोठी शिल्लक नागरी सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असते. परदेशात पैसे मात्र परकीय चलनाचा परवाना असलेल्या, म्हणजे ‘अधिकृत डीलर’ बँकेतूनच पाठवता येतात. मोजक्या मोठ्या सहकारी बँकांकडे हा परवाना आहे, बहुतेकांकडे नाही. पतसंस्थेचा तर प्रश्नच येत नाही.

तिथली ठेव मोडून घाईघाईने नव्या बँकेत खाते उघडले, तर पुढची अडचण उभी राहते. भांडवली व्यवहारासाठी पैसे पाठवायचे असतील, तर ग्राहकाचे त्या बँकेत किमान एक वर्षापासून खाते असावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खाते नवे असेल तर बँक मागील वर्षभराचे स्टेटमेंट मागते. ते नसेल तर प्राप्तिकराचे विवरणपत्र किंवा कर निर्धारणाचा आदेश मागते. पैसा कुठून आला याची खातरजमा करणे तिला बंधनकारक आहे. म्हणून दोन-तीन वर्षांनी परदेशात घर घ्यायचा विचार असेल, तर पगार किंवा व्यवसायाची जमा ज्या खात्यात येते, तेच खाते अधिकृत डीलर बँकेत असणे सोयीचे. जुने, चालते, हिशेब स्वच्छ असलेले खाते. जास्त व्याज किंवा मोफत लाउंज पाहून निवडलेले नव्हे.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. एलआरएसखाली भांडवली व्यवहारासाठी भारतीय बँकेने कर्ज द्यायचे नाही, असे स्पष्ट निर्देश आहेत. इथल्या घरावर टॉप-अप कर्ज काढून तिकडचा हप्ता भरायचा बेत असेल, तर तो बाजूला ठेवा.

६० लाख पाठवायचे तर खात्यात ७० लाख का लागतात?

कारण टीसीएस. घरखरेदीसाठी एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांहून जास्त रक्कम पाठवली, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर गोळा करते. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही सीमा सात लाख होती. ६० लाख पाठवले तर ५० लाखांवर २० टक्के, म्हणजे १० लाख रुपये टीसीएस झाला. हा कर बुडत नाही. विवरणपत्रात तो तुमच्या एकूण करातून वळता होतो, उरलेला परत मिळतो. नोकरदारांना तो कंपनीला कळवून पगारातून कापला जाणारा टीडीएस कमी करून घेता येतो. पण तोवर पैसे अडकतात आणि हप्त्याची तारीख थांबत नाही.

विनिमय दराचेही तसेच. बँकेचे ‘शून्य शुल्क’ पाहून हुरळू नका, ती दिरहमला काय भाव लावते ते विचारा. १० लाख दिरहमवर दरात २० पैशांचा फरक पडला तरी दोन लाख रुपये जास्त जातात. त्यापुढे चलन बदलण्यावरील जीएसटी किरकोळ आहे, एका व्यवहारात तो जास्तीत जास्त १०,८०० रुपये होतो.

नवरा-बायकोने मिळून पाठवले तर?

चालते, पण घराच्या कागदावर दोघांची नावे हवीत. भांडवली व्यवहारात सहमालक नसलेल्या नातेवाइकाची मर्यादा आपल्या मर्यादेत मिळवता येत नाही. वडिलांच्या पॅनवर अडीच लाख डॉलर पाठवायचे आणि घर फक्त मुलाच्या नावावर, हे बसत नाही.

आता थोडे गणित. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हा दर १९९७ पासून बांधलेला आहे. त्यामुळे अडीच लाख डॉलरचे ९ लाख १८ हजार १२५ दिरहम होतात. दोघांचे मिळून १८ लाख ३६ हजार २५०. दुबईच्या गोल्डन व्हिसासाठी मालमत्ता किमान २० लाख दिरहमची लागते. म्हणजे एकाच आर्थिक वर्षात जोडप्याला एलआरएसमधून तेवढे पैसे पाठवता येतच नाहीत. दुबईच्या जमीन विभागाचे चार टक्के नोंदणी शुल्क आणखी वेगळे. मार्चमध्ये काही आणि एप्रिलमध्ये उरलेले पाठवले तर दोन वर्षांच्या मर्यादा मिळतात. मात्र करारावर सही करण्याआधी हप्त्यांच्या तारखा बिल्डरकडून तशा बसवून घ्याव्या लागतात आणि ते वेळापत्रक आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाला दाखवून मगच पुढे जावे.

पैसे पोहोचायचे कोणत्या खात्यात?

बांधकाम सुरू असलेले घर असेल, तर उत्तर एकच : त्या प्रकल्पाचे एस्क्रो खाते. २००८ च्या मंदीच्या आधीच, २००७ मध्ये, दुबईने आठव्या क्रमांकाचा कायदा करून प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र एस्क्रो खाते सक्तीचे केले. ग्राहकांचे पैसे त्याच प्रकल्पाच्या बांधकामावर खर्च व्हावेत, बिल्डरच्या इतर देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. काम पूर्ण झाल्यावरही पाच टक्के रक्कम वर्षभर खात्यात राखून ठेवली जाते.

म्हणून एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला खाते क्रमांक जसाच्या तसा बँकेला देऊ नका. दुबई जमीन विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ अ‍ॅपवर प्रकल्पाची नोंद तपासा आणि एस्क्रो खात्याचा तपशील करारातील तपशिलाशी ताडून पाहा. संयुक्त अरब अमिरातीचा आयबॅन २३ अक्षरांचा असतो : सुरुवातीला देशाची दोन अक्षरे, मग तपासणीचे दोन आकडे, तीन आकडे बँकेचे आणि १६ आकडे खात्याचे. एखादा आकडा चुकला तर तपासणीच्या आकड्यांमुळे चूक पकडली जाते. इंजिनीअर म्हणून मला ही रचना फार आवडते. पण आयबॅन बरोबर असल्याने खाते अस्तित्वात असू शकते एवढेच कळते, ते बिल्डरचे आहे की एजंटच्या मेहुण्याचे, हे नाही.

पैसे पाठवताना सगळे शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय निवडा. नाहीतर मधली बँक आपले शुल्क कापून घेते, एस्क्रोत हप्ता थोडा कमी पोहोचतो आणि बिल्डर थकबाकी दाखवतो. फॉर्म ए-२ वर उद्देश म्हणून परदेशातील स्थावर मालमत्तेची खरेदी हाच कोड हवा.

मग दुबईत स्वतःचे खाते उघडायचेच नाही का?

नव्या प्रकल्पातील घरासाठी बहुधा गरज पडत नाही. हप्ते इथल्या बँकेतून थेट एस्क्रोत जातात. जुने, तयार घर घेताना मात्र चित्र बदलते. तिथे हस्तांतराच्या दिवशी विक्रेत्याच्या नावाने ‘मॅनेजर्स चेक’ द्यायची पद्धत आहे आणि तो तिथल्याच बँकेचा लागतो. अशा वेळी अनिवासी ग्राहक म्हणून बचत खाते उघडता येते. किमान शिल्लक मोठी असते आणि रहिवासी ओळखपत्र नसेल तर चेकबुक मिळेलच असे नाही. मॅनेजर्स चेक काढून मिळेल का, हे खाते उघडण्यापूर्वीच विचारून घ्या.

आणि इथेच ‘सगळे पैसे एकदम दुबईच्या खात्यात टाकतो, हप्ते तिथून जातील’ हा विचार अंगाशी येतो. एलआरएसखाली पाठवलेली रक्कम वापरली किंवा गुंतवली नाही, तर १८० दिवसांत भारतात परत आणावी लागते. तीन वर्षांच्या हप्त्यांचे पैसे खात्यात पडून राहिले तर सहा महिन्यांनी नियम मोडला. घराचे भाडे त्या खात्यात जमा होऊन साचत राहिले तरी हाच नियम लागतो. जुलै २०२४ पासून गिफ्ट सिटीतील बँकांत एलआरएसखाली परकीय चलन खाते उघडून तिथून परदेशात पैसे देता येतात. तो पर्याय चांगला आहे, पण टीसीएस आणि १८० दिवसांतून तिथेही सुटका नाही.

मुलगा दुबईतच नोकरीला असेल तर?

मग तो फेमाच्या दृष्टीने अनिवासी आणि अडीच लाख डॉलरची मर्यादा त्याच्या तिथल्या कमाईला नाही. एनआरई खात्यातील पैसे तो मोकळेपणाने बाहेर नेऊ शकतो. सांगलीची जमीन विकून आलेले पैसे एनआरओ खात्यात येतात आणि तिथून कर भरून, सीएचे प्रमाणपत्र देऊन, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात. दोन वर्षे तिकडे राहूनही इथले खाते ‘निवासी’ म्हणूनच चालू ठेवणारे खूप आहेत. ते आधी एनआरओ करून घ्या, मग घराकडे वळा.

विवरणपत्रात काय लिहायचे?

भारतात राहणाऱ्या मालकाने विवरणपत्रातील ‘शेड्यूल एफए’मध्ये परदेशातील घर आणि बँक खाते, दोन्ही दाखवणे सक्तीचे आहे. खाते कधी उघडले, वर्षातील सर्वोच्च शिल्लक किती, असा तपशील लागतो. तोही आर्थिक नव्हे, कॅलेंडर वर्षाचा. आयटीआर-१ इथे चालत नाही. माहिती दडवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सवलत आहे, पण त्यातून घरे वगळली आहेत. खाते लपेल या भ्रमात राहू नये, अमिरातीतील बँक खात्यांची माहिती आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताच्या कर विभागाकडे येते.

वर्गमित्राने सीएच्या सल्ल्याने बिल्डरला ईमेल करून टोकन कार्डावर परत मागितले. ते यायला पाच आठवडे लागले आणि दोन वेळा चलन बदलल्यामुळे काही हजार रुपये कमीच आले. झालेला प्रकार सीए रिझर्व्ह बँकेपुढे कसा मांडतो, यावर पुढचे ठरेल. दरम्यान त्याने पगाराच्या खात्याच्या शाखेत जाऊन फॉर्म ए-२ मागितला. काउंटरवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘एस्क्रो खात्याचे पत्र आणलेय का?’