एका मातेची फिर्याद

1917 साली परदेशी उच्च शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना कोणी बिऱ्हाडास जागा देईना. पारशी धर्मशाळेतून हुसकावले गेल्यावर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखाली ज्या संविधानाचा मसुदा तयार झाला, त्याने दुबळ्यातल्या दुबळ्यालाही न्यायालयाचे दार मोकळे केले. ते दार ठोठावणाऱ्या एका मातेची ही हकीकत आहे.

10 डिसेंबर 2024 रोजी परभणी येथे डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. तीत कायद्याचा अभ्यास करणारा 35 वर्षांचा सोमनाथ सूर्यवंशी सापडला. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असतानाच त्याचा अंत झाला. शासनाने त्याच्या श्वसनविकाराकडे बोट दाखविले. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नमूद झाले.

शासनाने देऊ केलेले 10 लाख रुपये त्याची आई विजयाबाई यांनी नाकारले. पैसा नको, न्याय हवा, एवढेच त्यांचे मागणे होते. कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करावी, असा कायदाच आहे. त्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तरीही गुन्हा नोंदला जाईना. तेव्हा त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. 4 जुलै 2025 रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. 30 जुलैला तेथेही तोच आदेश कायम राहिला.

गुन्हा नोंदला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे. ते पुराव्यावरच ठरावयाचे. परंतु ही वाट नवी नाही. ओडिशातील नीलाबती बेहेरा या मातेने पोलिसांच्या ताब्यात गेलेल्या आपल्या मुलाच्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयास साधे पत्र लिहिले. न्यायालयाने तेच अर्ज मानले आणि 1993 साली शासनाने दीड लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला.

वाचकहो, अशी वेळ कोणावरही न येवो. पण आलीच, तर शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागून घ्या, कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नका, आणि शेजाऱ्यावर ती आली असेल तर त्याच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत जा. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पण त्या मातेला आधार मिळाला तो त्याच संविधानाचा.