गुरुदक्षिणा अशीही!

शिष्य आपल्यापुढे गेला तर आपल्याला समाधानच वाटेल, असे अलाहाबादचे अमेरिकन मिशनरी प्राध्यापक डॉ. डजियन एकदा म्हणाले. जयपूरहून आलेल्या पंचानन माहेश्वरींना वनस्पतिशास्त्राची गोडी त्यांनीच लावली होती. गुरुदक्षिणा काय देऊ, असे शिष्याने विचारले. मी तुझ्यासाठी केले तेच तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात.

माहेश्वरींनी ते मनावर घेतले. १९४९ साली ते दिल्ली विद्यापीठात आले. फुलात बी कसे धरते, हा त्यांचा विषय. त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनी अफूच्या बीजांडांचे फलन परीक्षानळीत घडवून आणले. १९६४ साली त्याच विभागात धोतऱ्याच्या परागकोशांतून भ्रूण वाढले. १९६६ साली माहेश्वरी गेले. पण गुरूचे ऋण त्यांनी विद्यार्थी घडवून फेडले होते.