खादरातला लांडगा

(लेखमालेचा सातवा भाग)

गेल्या आठवड्यात आपण अरावलीतल्या बिबट्यांपाशी थांबलो होतो. बिबट्या दिल्लीकरांना आता फारसा नवा राहिलेला नाही. लांडग्याचं तसं नाही. मे २०२५ मध्ये यमुना जिथे दिल्लीच्या हद्दीत शिरते त्या पल्ला गावाजवळ एका प्राण्याचा फोटो निघाला आणि वर्तमानपत्रांनी लगेच मथळे सजवले : ऐंशी वर्षांनी दिल्लीत लांडगा! शहरातली त्याची शेवटची नोंद १९४० च्या सुमाराची, म्हणून हा हिशेब. पाठोपाठ जाणकारांनी शंका काढली की हा शुद्ध लांडगा असेलच असं नाही, त्यात कुत्र्याचं रक्त मिसळलेलं असू शकतं. नुसत्या फोटोवरून हे ठरत नाही.

या गडबडीत मला खटकला तो एकच प्रश्न, जो सगळे विचारत होते : लांडगा जंगल सोडून इथे आला कसा? पण आपला लांडगा जंगलात राहतोच कधी? गर्द झाडी त्याला मानवत नाही. त्याला हवं उघडं माळरान, काटेरी झुडपं, नदीकाठची गवताळ सखल जमीन, ओसाड टेकड्या आणि शेतांच्या कडा. धावून शिकार दमवणाऱ्या प्राण्याला लांबवरचं दिसायला हवं. पुराचं पाणी ओसरल्यावर उरणाऱ्या ज्या पट्ट्याला दिल्लीच्या आसपासचे शेतकरी खादर म्हणतात, तो त्याच्या दृष्टीने उत्तम मुलूख. तेव्हा पल्ल्याचा प्राणी वाट चुकला होता असं मानायचं काहीच कारण नाही.

भारतीय लांडग्याला शास्त्रीय नाव मिळालं ते आपल्याच मुलखातल्या प्राण्यावरून. मुंबई सरकारच्या सेवेतले लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स दख्खनची पाहणी करत हिंडत होते. इथल्या लांडग्याचं वर्णन त्यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध केलं. युरोप-अमेरिकेतल्या भाऊबंदांपुढे हा किरकोळच. वजन साधारण वीस किलो, केस आखूड, अंग सडपातळ, पाय लांब आणि फिकट. थंडीसाठी लागणारी जाड लोकर त्याच्या अंगावर नाही, त्यामुळे कित्येकांना तो एखादं उपाशी गावठी कुत्रंच वाटतो. पण आकारावरून त्याला दुय्यम ठरवू नये. २०२१ मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास झाला, तेव्हा आज हयात असलेल्या लांडग्यांच्या वंशवेलीत ही फांदी अतिशय जुनी, फार पूर्वीच वेगळी झालेली असल्याचं दिसलं. म्हणजे सायबेरियातला लांडगा हा मूळ आणि आपला त्याची खुजी आवृत्ती, ही समजूत टिकत नाही.

वाघाला अभयारण्यं मिळाली, लांडग्याच्या नावाने मात्र फार थोडी जागा राखली गेली. झारखंडमधलं १९७६ चं महुआडांड अभयारण्य हा त्यातला जुना अपवाद. कायद्याने लांडगा वाघाइतकाच संरक्षित आहे, पहिल्या अनुसूचीत आहे. संख्येकडे पाहिलं तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात जेमतेम तीन हजार शंभर लांडगे, म्हणजे वाघांच्याच आसपास. तरी लांडगा पाहायला पर्यटकांच्या जीपगाड्या निघत नाहीत!

कळपाबद्दलचा एक गैरसमज इतका मुरलेला आहे की जरा सविस्तर सांगतो. दिल्ली-गुरगावच्या कॉर्पोरेट कार्यशाळांत ‘अल्फा’ नेतृत्वाचे धडे अजून दिले जातात : लांडग्यांत म्हणे एक दांडगा नर सगळ्यांना नमवून राज्य करतो. ही कल्पना आली रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निबंधातून, आणि त्यांनी पाहिलेले लांडगे होते प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले. अमेरिकी संशोधक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात तीच मांडणी पुढे नेली. नंतर रानातल्या कळपांपाठी अनेक वर्षं घालवल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच ती मोडीत काढली. रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं. हुकूम चालतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा चालतो तसा. आपल्याकडे कळप बहुधा लहानच असतो, कित्येकदा नुसतं जोडपं. समागम पावसाळा सरल्यावर, गर्भकाळ दोन महिन्यांचा, पिल्लं हिवाळ्यात. पिल्लं जन्मतात तेव्हा आंधळी असतात, डोळे उघडायला बारा-चौदा दिवस लागतात. थोरली भावंडं त्यांना सांभाळतात, पोटातलं मांस ओकून भरवतात. पोर वयात आलं की जोडीदार आणि जागा शोधत घर सोडतं आणि शेकडो किलोमीटर भटकू शकतं. पल्ल्याचा प्राणी लांडगा असेल, तर असाच एखादा भटक्या असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

जागेचं गणितही पाहा. एका कळपाला दीडशे-दोनशे चौरस किलोमीटर लागतात. सबंध दिल्ली १,४८३ चौरस किलोमीटरची. दोन कोटी माणसं उचलून बाजूला ठेवली तरी इथे सात ते नऊ कळपांपलीकडे सोय नाही.

आता कुत्र्याच्या रक्ताची गोष्ट. यात पुण्याचा अनुभव मोलाचा आहे. सासवडच्या माळावर ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’च्या कार्यकर्त्यांना लांडग्यांत वेगळ्याच रंगाचे प्राणी दिसू लागले. बंगळुरूच्या एनसीबीएस आणि ‘अत्री’ या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आला : लांडगा-कुत्रा संकराचा हा भारतातला पहिला जनुकीय पुरावा. कारण समजायला सोपं आहे. लांडगे विरळ झाले की एकट्या लांडग्याला जोडीदार सापडत नाही, आणि कोंबड्यांच्या शेडमागे, कचऱ्याच्या ढिगांवर पोसलेली मोकाट कुत्री मात्र हवी तितकी. त्यांच्याकडून रेबीज आणि डिस्टेंपरही येतात. दिल्लीभोवती कचऱ्याचे डोंगर आहेत, कुत्र्यांची वाण नाही. त्यामुळे पल्ल्याच्या बाबतीत शंका घेणारे खोडसाळ होते असं मुळीच नाही.

याच राजधानी परिसरातली, दीडशे वर्षांपूर्वीची एक घटना जगभर पोचली. आज एनसीआरमध्ये मोडणाऱ्या बुलंदशहर जिल्ह्यात १८६७ मध्ये शिकाऱ्यांना लांडग्याच्या गुहेत सहाएक वर्षांचा मुलगा सापडल्याचं सांगतात. त्याला आग्र्याजवळच्या सिकंदऱ्याच्या मिशन अनाथालयात आणलं. तो दिवस शनिवारचा, म्हणून नाव पडलं दीना सनीचर. तो चार पायांवर चाले आणि कच्चं मांस खाई असं लिहून ठेवलं आहे. पुढे तो उभा राहून चालायला शिकला, तंबाखू ओढायलाही शिकला, बोलायला मात्र कधीच शिकला नाही. १८९५ मध्ये तो वारला. त्याच्या आदल्याच वर्षी किपलिंगचा मोगली पुस्तकरूपाने लोकांसमोर आला होता. दीनावरूनच मोगली सुचला, असं हटकून सांगितलं जातं, पण त्याला भक्कम आधार नाही.

लांडग्याच्या मादीने माणसाचं मूल वाढवणं जीवशास्त्राला पटण्यासारखं नाही. तिचं दूध आठ-दहा आठवडे टिकतं आणि वर्षाच्या आत पिल्लू धावायला लागतं. माणसाचं पोर तेव्हा जेमतेम रांगत असतं. लांडग्यांनी वाढवली असं सांगितलं जातं ती मुलं बहुधा अपंग किंवा मनाने वेगळी, घरच्यांनी टाकून दिलेली असावीत असं आज अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच पटतं. गुहेची कथा ऐकायला रम्य खरी, पण तिच्या आडून मूल टाकणारी माणसं सहज सुटतात.

दीनाच्याच काळात इंग्रज सरकार लांडग्याच्या मुंडक्याला बक्षीस देत होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेल्याचा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. वाघांपेक्षा दुपटीहून जास्त.

लांडग्याची भीती निराधार होती असंही नाही. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर या भागात काही महिन्यांत ७६ मुलांवर हल्ले झाले, पन्नासहून जास्त दगावली. वन्यजीव-अभ्यासक यादवेंद्रदेव झाला आणि दिनेशकुमार शर्मा यांनी त्याचा माग काढला, तेव्हा हे सगळ्या लांडग्यांचं नव्हे, एखाद्याच प्राण्याचं किंवा कळपाचं काम असल्याचं दिसलं. रानातलं भक्ष्य संपलेलं. शेळ्यांवर कडक राखण, कारण शेळी म्हणजे रोख पैसा. मुलं मात्र दारं नसलेल्या झोपड्यांत, अंगणात झोपलेली. त्यात अफवा उठली की माणूसच लांडग्याचं रूप घेऊन येतो, आणि वाटेने जाणाऱ्या परक्या माणसांना जमावाने ठेचलं.

२०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्याच बहराइचमध्ये तेच पुन्हा घडलं. महसी तालुक्यात आठ-दहा जणांचा बळी गेला, त्यात बहुतेक लहान मुलं. वनखात्याने ‘ऑपरेशन भेडिया’ काढून पाच लांडगे पकडले. हा मुलूखही नदीकाठचाच, घाघरेच्या पुराने दर पावसाळ्यात बुडणारा. पुराने बिळं बुडाली की प्राणी उंचवट्यावर येतो, आणि उंचवट्यावर गाव वसलेलं असतं. वरवर पाहता पल्ला आणि बहराइच ही एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतील, पण मला ती तशी वाटत नाहीत. पल्ल्यात एक प्राणी दिसला, कुणाला इजा झाली नाही. बहराइचमध्ये गरिबांची पोरं गेली. ज्या घरांना दार नाही तिथल्या आईबापांना लांडग्याचं पर्यावरणीय महत्त्व ऐकवणं क्रूरपणाचं आहे. दार, दिवा आणि वेळेवर नुकसानभरपाई आधी, व्याख्यान मागाहून.

यमुनेचा खादर काय, हरियाणाच्या दप्तरात ‘गैर मुमकिन पहाड’ म्हणून नोंदलेल्या अरावलीच्या टेकड्या काय, किंवा सासवडचा माळ काय, सरकारी कागदावर या जमिनी निरुपयोगी. त्यामुळे तिथे रस्ता, सौर प्रकल्प, वसाहत किंवा चांगल्या हेतूने केलेली दाट वृक्षलागवडही बिनदिक्कत येते. त्या शेवटच्या गोष्टीची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण माळावर जंगल उभं करणाऱ्याला सत्काराचे हार मिळतात आणि लांडग्याला निघून जावं लागतं. खादरात तर भाजीचे मळे, वाळूउपसा आणि ‘रिव्हरफ्रंट’ यांच्यामधून गवताची जी चिंधी उरते, तेवढीच त्याची.

पुढच्या आठवड्यात कुत्रा. किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी, आता नामशेष झालेल्या कुठल्याशा लांडग्यांपासून तो माणसाच्या शेकोटीपाशी कसा आला, आणि दिल्लीच्या गल्ल्यांतून आता त्याला कुठे न्यायचं यावरून न्यायालयापर्यंत का गेला, ते पाहू.